मोनोग्राम सर्वांत शेवटी वाचा : गंगापूर रोडवर दिसलेल्या १९० ई २.३-१६ बद्दल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गेल्या रविवारी सकाळी सातच्या सुमारास गंगापूर रोडने सोमेश्वरकडे जाताना तुम्हाला एक काळपट रंगाची, चौकोनी बांध्याची जुनी मर्सिडीज दिसली. तिच्या डिकीवर छोटा स्पॉयलर होता, उजव्या कोपऱ्यात ‘२.३-१६’ असे अंक होते, चालक उजव्या बाजूला बसलेला होता आणि तुम्ही खिशातून फोन काढेपर्यंत गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली. मित्रांना सांगितले तर त्यांनी तुम्हालाच वेड्यात काढले, की असली गाडी नाशकात कुठून येणार. ती खरी होती का, पुन्हा दिसली तर कशी ओळखायची आणि ती ‘विंटेज’ ठरते का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गेली बत्तीस वर्षे मी जुन्या जर्मन गाड्यांचे काम करतो, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे नेहमी येतो. कधी विचारणारा गाडी विकत घ्यायला निघालेला असतो, कधी ती घेऊन बसलेला असतो, आणि कधी तुमच्यासारखा केवळ ओझरते दर्शन झाल्यामुळे अस्वस्थ झालेला असतो. खरी अडचण ‘खरी की खोटी’ ही नसून, चालत्या गाडीकडे दहा सेकंद पाहून नेमके काय ठरवता येते आणि काय ठरवण्यासाठी बॉनेट उघडावेच लागते, हे आपल्याला वेगळे करता येत नाही, ही आहे. ते वेगळे करता आले की मित्रांशी वाद घालण्याची गरज उरत नाही.

आधी हे मान्य केले पाहिजे की बरेच काही परिस्थितीवर अवलंबून असते. गाडी चाळीस वर्षांची असेल तर ती किती वेळा रंगवली गेली, मूळ कोणत्या देशासाठी बनली होती, अपघातानंतर कोणाचे सुटे भाग तिला लागले आणि मधल्या मालकाची हौस कोणत्या प्रकारची होती, यांवर तिचे आजचे रूप ठरते. अस्सल गाडीवर बाजारातले भाग चढलेले मी पाहिले आहेत आणि साध्या गाडीवर अस्सल भागही पाहिले आहेत. म्हणून एका खुणेवरून निकाल देणारा माणूस, मग तो कितीही जुना मिस्त्री असो, माझ्या मते घाई करत असतो.

तुम्ही सांगितलेली गाडी मुळात काय आहे, हे थोडक्यात सांगतो, कारण ओळखण्याची पद्धत त्यातूनच निघते. मर्सिडीजने १९० ही छोटी सेडान १९८२ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणली; कारखान्याच्या भाषेत तिला डब्ल्यू २०१ म्हणतात. तिची एक वेगवान आवृत्ती रॅली शर्यतींसाठी करायची असे ठरले आणि इंजिनाचे सोळा व्हॉल्व्हचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, तयार करण्याचे काम इंग्लंडमधल्या कॉसवर्थ या कंपनीकडे गेले. ऑडी क्वाट्रोने चारही चाकांना ताकद देऊन रॅलीचे गणितच बदलून टाकल्यावर मर्सिडीजने तो बेत सोडला आणि गाडी सर्किटच्या शर्यतींकडे वळवली. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीतल्या नार्दो येथील गोल धावपट्टीवर या गाडीने ५०,००० किलोमीटरचे अंतर ताशी सरासरी २४७.९ किलोमीटर वेगाने पार केले, आणि त्याच वर्षी ती फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. पुढे १२ मे १९८४ रोजी नुर्बुर्गरिंगच्या नव्या धावपट्टीच्या उद्घाटनाला नामवंत चालकांना एकसारख्या २.३-१६ गाड्या देऊन शर्यत लावली गेली, ती चोवीस वर्षांच्या आयर्टन सेनाने निकी लाउडाला मागे टाकून जिंकली. रस्त्यावर विकल्या गेलेल्या गाडीचे इंजिन २,२९९ सीसीचे आणि १८५ अश्वशक्तीचे होते. प्रदूषण रोखणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या देशांत ही ताकद थोडी कमी मिळे.

या इतिहासातला माझ्या कामाचा भाग असा, की या गाडीवर बाहेरून जे जे वेगळे दिसते ते ते काहीतरी काम करण्यासाठी बसवलेले आहे. पुढच्या बंपरखालचा ओठ आणि मागचा स्पॉयलर हे वेगात गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून आहेत. मडगार्डांच्या कडा बाहेर काढल्या आहेत त्या आतल्या रुंद टायरला जागा मिळावी म्हणून. नक्कल करणारा माणूस हे भाग आणतो, पण भागांमागचे काम आणत नाही. म्हणून मी गाडीकडे पाहताना स्वतःला एवढेच विचारतो, की हा भाग इथे काही काम करतो आहे का? डिकीवरचा मोनोग्राम, म्हणजे गाडीचे नाव किंवा अंक दाखवणारी ती चिकटवलेली अक्षरे, मात्र कोणतेच काम करत नाहीत. तो दोन थेंब गोंदावर बसतो आणि केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने दोन मिनिटांत निघतो. म्हणूनच तो सर्वांत शेवटी वाचायचा.

आता रस्त्यावरच्या दहा सेकंदांचा विचार करू. गाडी समोरून येत असेल तर सर्वांत आधी स्टेअरिंग कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. ही गोष्ट पन्नास मीटरवरून दिसते आणि ती सहजासहजी खोटी करता येत नाही. २.३-१६ ब्रिटनसाठी उजव्या स्टेअरिंगची बनत होती, त्यामुळे तुम्ही सांगितलेली गोष्ट तिच्या विरोधात जात नाही. याच गाडीच्या १९८९ आणि १९९० मध्ये निघालेल्या इव्होल्यूशन एक आणि दोन या पुढच्या आवृत्त्यांच्या प्रत्येकी ५०२ गाड्या मात्र फक्त डाव्या स्टेअरिंगच्या होत्या. त्यामुळे उद्या कोणी उंच पंखाची, उजव्या स्टेअरिंगची ‘इव्होल्यूशन टू’ दाखवली, तर तिच्या बॉनेटला हात लावण्याचीही गरज नाही. डाव्या स्टेअरिंगची गाडी भारतात रस्त्यावर दिसणेच अशक्य आहे, असा जो समज आहे तोही पूर्ण बरोबर नाही. मोटार वाहन कायद्याचे १२० वे कलम अशा गाडीला वळणाचा इशारा देणारे चालू स्थितीतले यंत्र असण्याची अट घालते. सरसकट बंदी घालत नाही. अर्थात अशा गाड्या अगदी थोड्या, आणि बहुतेक वकिलातींच्या मार्गाने आलेल्या.

गाडी बाजूने जात असेल तर माझी नजर थेट चाकांवर जाते, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण सर्वाधिक माहिती इथेच मिळते. साध्या १९० ला सुरुवातीला चौदा इंची, अरुंद टायर असत. २.३-१६ ला पंधरा इंची अलॉय आणि २०५/५५ मापाचे टायर होते, आणि ते बाहेर काढलेल्या मडगार्डच्या कडेशी जवळजवळ एका रेषेत येत. बाजारातले किट, म्हणजे खास गाडीसारखे दिसणारे बाहेरचे भाग, लावलेल्या साध्या गाडीत मडगार्डची कड बाहेर येते, पण टायर जुन्याच जागी, आत खोल राहतो, आणि मडगार्डखाली बोटभर नव्हे, चांगली मूठभर सावली दिसते. मी माझ्या मुलांना, म्हणजे गॅरेजमध्ये काम शिकायला येणाऱ्या पोरांना, हेच सांगतो की रंग, पंख, आवाज सगळे विसरा आणि ती सावली मोजा. मागे मोठे चाक टाकून ही सावली भरून काढता येते, हे खरे आहे. पण मग गाडीची उंची बिघडते आणि ती मागून उचलल्यासारखी दिसते. मूळ गाडी पुढेमागे सारखी बसलेली असते.

तुम्ही लिहिले आहे की गाडीच्या खालच्या अंगाला रुंद प्लास्टिकचा पट्टा होता आणि त्यावरून तुम्हाला ती खास आवृत्ती वाटली. ही खूण मात्र बाजूला ठेवा. १९८८ च्या सुधारणेनंतर सगळ्याच १९० गाड्यांच्या दारांच्या खालच्या भागाला तसे पॅनेल लागू लागले, अगदी डिझेललासुद्धा. त्यामुळे पट्टा असणे हा पुरावा नव्हे, आणि त्यापूर्वीच्या गाडीला तो नंतर बसवलेलाही असू शकतो.

रंगाबद्दल तुम्ही ‘काळपट’ म्हटले आहे. इथे तुमच्या आठवणीला थोडा ताण द्या. सुरुवातीच्या २.३-१६ गाड्या निळसर काळ्या आणि धुरकट चंदेरी, अशा दोन धातुछटांत येत. निळसर काळा रंग सावलीत कोळशासारखा दिसतो, पण कोवळे ऊन तिरपे पडले की कडांवर गडद निळा चमकतो. सकाळी सात वाजता सोमेश्वरकडे जाणाऱ्या गाडीच्या पाठीवर ऊन येते. तुम्हाला ती झाक दिसली असेल तर तो तुमच्या बाजूने जाणारा एक मुद्दा आहे. नसेल दिसली, तर तिचा रंग बदललेला असू शकतो, एवढेच.

आता मित्रांचा मुख्य आक्षेप, की अशी गाडी नाशकात येईलच कशी. हा प्रश्न चांगला आहे आणि तो प्रत्येक जुन्या गाडीला विचारला पाहिजे. १९९० पूर्वी परदेशी गाडी सरळ विकत घेऊन आणणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य होते. ज्या आल्या त्या बहुतांशी परदेशातले बिऱ्हाड हलवून परतणाऱ्यांनी स्वतःच्या सामानाबरोबर आणल्या, किंवा वकिलातींनी वापरून झाल्यावर सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या. आखातातून परतणारे लोक बहुधा साध्या १९० किंवा डिझेल गाड्या आणत, कारण त्या चालवायला स्वस्त. इंग्लंडहून परतणाऱ्याने मात्र स्वतःच्या हौसेची गाडी आणली असण्याची शक्यता असते आणि तिचे स्टेअरिंगही आपोआप उजवीकडेच असते. नाशकाच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी लक्षात घ्याव्यात. देवळाली कॅम्पात मुंबईच्या पारशी कुटुंबांचे जुने बंगले आहेत आणि त्यांच्या गॅरेजांत काय काय उभे आहे याची शहराला कल्पना नसते. शिवाय आता गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे आणि वायनरी पाहायला मुंबई-ठाण्याहून लोक शनिवारी येतात आणि रविवारी सकाळी फिरायला निघतात. तुम्हाला नंबरप्लेटची अक्षरे आठवत नाहीत, तेव्हा ती गाडी एमएच १५ ची होती की पाहुणी, हे आपल्याला ठरवता येणार नाही. प्लेट नवी, चकचकीत होती म्हणून संशय घेऊ नका. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी प्लेट बसवावी लागते.

देवळाली कॅम्पाचा उल्लेख मी उगाच केला नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिथल्या एका बंगल्यातून मला बोलावणे आले. घरातले वडीलधारे गेले होते, मुलांना आवार मोकळे करायचे होते, आणि आंब्याच्या झाडाखाली ताडपत्रीने झाकलेली ‘डॅडींची जुनी वन नाइंटी’ काढून द्यायची होती. गाडी धुरकट चंदेरी होती, चारही टायर बसलेले, पुढच्या काचेवर पानांचा थर. डिकीवर कोणताही मोनोग्राम नव्हता. मला वाटले, किट लावलेली साधी गाडी असावी, आणि तसे मी त्यांना जवळजवळ सांगूनही टाकले होते. दार उघडून आत बसलो तेव्हा गिअरच्या मुठीवर धुळीचा थर होता. अंगठ्याने तो पुसला तर ‘१’ हा आकडा डावीकडे वर असण्याऐवजी डावीकडे खाली निघाला आणि त्याच्या वर रिव्हर्सचे अक्षर. हा शर्यतीच्या गाड्यांचा गिअरबॉक्स : पहिला गिअर फक्त निघण्यापुरता, म्हणून तो बाजूला टाकायचा आणि सतत लागणारे दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा हे एकमेकांसमोर ठेवायचे. पुढे पाहिले तर मधल्या कन्सोलमध्ये तीन जादा यंत्रे होती : तेलाचे तापमान, व्होल्टमीटर आणि आकड्यांचे स्टॉपवॉच. मागे वळून पाहिले तर सीटवर तिघांची सपाट बैठक नव्हती, दोघांसाठी खोलगट केलेल्या दोन जागा होत्या. बॉनेट उघडण्याआधीच मला उत्तर मिळाले होते, तरीही उघडले. रुंद हेड आणि दोन कॅमशाफ्टच्या मधून खाली उतरणारे प्लग पाहून मी त्या मुलांना म्हटले की ही गाडी भंगारात घालू नका, मी हात जोडतो. वडिलांनी ती इंग्लंडमध्ये घेतली होती आणि मोनोग्राम नको म्हणून मुद्दाम सांगितले होते; तशी सोय मर्सिडीज ग्राहकाला देत असे. ती गाडी आज चालते आहे, एवढेच मी इथे सांगू शकतो. कुठे आणि कोणाकडे, हे मालकाचे आहे.

उलट बाजूचा अनुभवही सांगतो, कारण त्याने एका माणसाचे पैसे बुडाले. २००६ च्या आसपास सिन्नरकडचे एक गृहस्थ माझ्याकडे ‘५०० ई’ घेऊन आले. ही मर्सिडीजची डब्ल्यू १२४ मालिकेतली, पाच लिटर व्ही-८ इंजिनाची, ३२६ अश्वशक्तीची सेडान. १९९० ते १९९५ या काळात ती पॉर्शच्या त्सुफेनहाउझेन येथील कारखान्याच्या मदतीने बांधली गेली आणि सगळ्या मिळून १०,४७९ गाड्या निघाल्या. सगळ्या डाव्या स्टेअरिंगच्या. त्यांची गाडी फाटकातून आत येतानाच मला स्टेअरिंग उजवीकडे दिसले आणि माझ्या पोटात कालवले, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. आपल्याकडे या मालिकेचे आमिष फार, याचे कारण सोपे आहे : टेल्कोबरोबरच्या (आजची टाटा मोटर्स) भागीदारीतून १९९५ पासून पुण्यात डब्ल्यू १२४ च्या ई २२० आणि ई २५० डिझेल गाड्या बनल्या, त्यामुळे साधी गाडी महाराष्ट्रात सहज मिळते आणि मोनोग्राम टपालाने येतो. मी रुमालात गुंडाळलेला चुंबक त्यांच्या देखत फुगवलेल्या मडगार्डवर फिरवला. दारावर तो धरत होता, मडगार्डच्या कडेवर निसटून खाली पडला. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. बॉनेटखाली चार सिलिंडरचे इंजिन आणि त्याच जागेच्या मागच्या कोपऱ्यात बॅटरी होती, जेव्हा खऱ्या ५०० ई मध्ये व्ही-८ ने सगळी जागा व्यापल्यामुळे बॅटरी डिकीत न्यावी लागली होती. त्यांनी साध्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजले होते. ज्याने विकली तो दुसऱ्या शहरातला दलाल होता आणि त्याने नंतर फोन उचलला नाही. गाडी वाईट नव्हती, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले; पुट्टी काढून, मडगार्ड मूळ रूपात आणून ती त्यांनी पुढे बरीच वर्षे वापरली.

बीएमडब्ल्यूबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण त्याच रस्त्यावर कधी ई २८ मालिकेची जुनी ‘फाइव्ह सिरीज’ दिसली तर एवढे ध्यानात ठेवा, की एम ५३५ आय आणि एम ५ या दोन्ही गाड्या बाहेरून इतक्या सारख्या असू शकतात की चालत्या गाडीत त्यांचा निकाल लावता येत नाही. पहिलीत २१८ अश्वशक्तीचे बारा व्हॉल्व्हचे इंजिन, दुसरीत एम १ या शर्यतीच्या घराण्यातून आलेले २८६ अश्वशक्तीचे चोवीस व्हॉल्व्हचे. तिथे बॉनेट उघडल्याशिवाय बोलू नये.

इथपर्यंतचे एका दमात सांगायचे तर, समोरून स्टेअरिंग, बाजूने टायर आणि मडगार्ड यांच्यातली सावली, थांबलेली असेल तर काचेतून गिअरची मूठ आणि मागची सीट, आणि मग वाटल्यास मोनोग्राम, असा क्रम ठेवावा. बाकी सगळे कागदांवर आणि इंजिनावर.

कागदांविषयी एक सावधगिरी सांगतो, कारण त्यात चांगले चांगले फसतात. नंबर हाती लागला की लोक सरकारी परिवहन ॲपवर टाकतात, तिथे २,२९९ सीसी दिसले की खात्री झाली असे समजतात. पण साध्या १९० ई २.३ चे इंजिनही २,२९९ सीसीचेच आहे. दोघींचा खालचा ब्लॉक एकाच घराण्यातला आणि फरक हेडमध्ये. म्हणून सीसीवर जाऊ नये, इंजिन नंबर पाहावा. सोळा व्हॉल्व्हच्या २.३ चा नंबर १०२.९८३ ने सुरू होतो. चासी नंबरात मर्सिडीजच्या डब्ल्यूडीबी या अक्षरांनंतर गाडीचा प्रकार सहा आकड्यांत लिहिलेला असतो, २.३-१६ साठी ते २०१०३४ असतात. त्याच्या पुढचा आकडा १ असेल तर डावे स्टेअरिंग, २ असेल तर उजवे. हा नंबर आरसी बुकावर, बॉनेटखालच्या पट्टीवर आणि बॉडीच्या पत्र्यात ठोकलेला, अशा तिन्ही ठिकाणी जुळला पाहिजे, आणि पत्र्यातला नंबर वाचताना त्याच्या आजूबाजूला वेल्डिंगचा किंवा घासल्याचा माग आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. शिवाय पंधरा वर्षांनंतर आपल्याकडे दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. त्या नोंदींत मोठे खंड असतील तर गाडी तेवढी वर्षे उभी होती असे समजा, कारण चाललेल्या गाडीपेक्षा उभी राहिलेली गाडी दुरुस्तीला जास्त जड जाते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. बोलताना आपण कोणत्याही जुन्या गाडीला विंटेज म्हणतो, पण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. तिला राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे असलेला नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षे चालते आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. डब्ल्यू २०१ ची सर्वांत पहिली गाडीसुद्धा १९८२ च्या डिसेंबरपूर्वीची नाही, म्हणजे २०३२ चा डिसेंबर उजाडेपर्यंत एकही १९० या व्याख्येत बसत नाही. जर्मनीत हीच मर्यादा तीस वर्षांची आहे, त्यामुळे तिथल्या लोकांच्या तोंडी या गाड्या केव्हाच ऐतिहासिक झाल्या आहेत. नियमाने विंटेज नसली, तरी गाडी दुर्मीळ नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

मग रविवारची ती गाडी? तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी होकारही देणार नाही आणि नकारही. उजवे स्टेअरिंग जुळते. गडद रंग जुळू शकतो. स्पॉयलर आणि मोनोग्राम हे दोन्ही बाजारात मिळतात, पट्टा निरुपयोगी आहे, आणि चाकांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. एक लहानशी गोष्ट मला तिच्या बाजूने झुकवते, ती म्हणजे वेळ. या गाड्यांची जुनी इंधन पुरवणारी केई-जेट्रॉनिक यंत्रणा थकली की गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला त्रास देते, त्यामुळे जिवापाड सांभाळणारे मालक दुपारच्या गर्दीत ती काढत नाहीत. सकाळी गारव्यात, रस्ता मोकळा असताना फिरवून आणतात. किट लावून मिरवणाऱ्याला सकाळी सातचा रिकामा गंगापूर रोड नको असतो, त्याला संध्याकाळचा कॉलेज रोड हवा असतो. हा पुरावा नव्हे, बत्तीस वर्षांत माणसांच्या सवयी पाहून झालेला माझा समज आहे, आणि तो मी तसाच तुमच्यापुढे ठेवतो.

पुन्हा दिसली तर पाठलाग करू नका आणि चालत्या दुचाकीवरून फोटो काढायच्या फंदात पडू नका. असा माणूस फेरी मारून बहुधा कुठेतरी चहाला थांबतो. सोमेश्वरच्या परिसरात पाहा. भेटलात तर किंमत विचारू नका, ‘ही गाडी घरात कधीपासून आहे?’ असे विचारा. ज्याची गाडी खरी आहे तो या प्रश्नावर अर्धा तास बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात गाडी कोणी, कुठून, कशी आणली ही साखळी आपोआप येते. नंबर आणि मालकाचे नाव मात्र कुठे लिहू नका. अशा गाड्यांच्या सुट्या भागांवर डोळा ठेवणारे लोक असतात. आणि त्याने परवानगी दिली तर चालकाच्या बाजूच्या काचेतून आत वाकून गिअरची मूठ तेवढी पाहा. ‘१’ डावीकडे खाली लिहिलेला असेल, तर मला त्याच दिवशी कळवा. मी देवळालीच्या गाडीचे सुटे भाग शोधताना जमवलेली माहिती त्या मालकाच्या उपयोगी पडेल.